सात नंबरची खिडकी

ऑफिसात त्याला सगळे ठिगळ्या म्हणत आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. प्रोग्राम कुठेही फाटो, तो तिथे एक ठिगळ लावून द्यायचा आणि गाडी पुन्हा चालू व्हायची. आत काय कुजलंय ते उघडून बघायला कुणाला वेळ होता? कंपनीच्या ॲपवर लाखो लोक सकाळ-संध्याकाळ येत, आपले आणि आपल्या मांजरांचे फोटो टाकत, न वाचलेल्या गोष्टींवरून हमरीतुमरीवर येत. हा सगळा डोलारा ठिगळांवर उभा आहे हे ठिगळ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. त्यालाही निम्मीच ठिगळं आठवत.

एक मात्र पक्कं आठवत होतं. चार वर्षांपूर्वी ॲप लोकांसाठी खुलं व्हायचं होतं, बरोबर दहा वाजता. साहेब फीत कापायला कात्री घेऊन तयार होते. कापायला फीत नव्हती, पण कात्री होती. नऊ चाळीसला ठिगळ्याच्या लक्षात आलं, की नव्या माणसाला सुरुवातीला एकही मित्र नसतो. आणि पहिलं पान तर हिशेब करतं, तुमच्या मित्रांपैकी किती जण आत्ता जागे आहेत. मित्रच शून्य, म्हणजे शून्याने भागाकार, म्हणजे पान आडवं. हातात वीस मिनिटं. ठिगळ्याने एक ओळ लिहिली: ज्याला कुणीच नाही, त्याला सात नंबरचं खातं मित्र म्हणून द्यावं. तिच्या शेजारी स्वतःसाठी टीप लिहिली: ‘तात्पुरतं. सोमवारी काढणे.’ ही टीप जगातला प्रत्येक प्रोग्रामर लिहितो, आणि तो सोमवार अजून कुणाच्याही आयुष्यात उगवलेला नाही.

पहिली सहा खाती साहेबांची आणि इंजिनिअरांची होती. सातवं ठिगळ्याच्या मावशीचं.

मावशी एकतीस वर्षं बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसली. नऊ ते पाच, एक ते दीड जेवणाची सुट्टी. अमकी गाडी किती वाजता, तमक्या गावाला कुठून जायचं, माझी पिशवी हरवली, माझा नवरा हरवला. जो येईल त्याला तिने उत्तर दिलं, पण त्याचा नंबर आल्यावर. ठिगळ्या आठ वर्षांचा असताना त्याची आई त्याला घेऊन तरातरा थेट खिडकीशी गेली होती. गाडी सुटायला पाच मिनिटं होती आणि खिडकीत सख्खी थोरली बहीण. मावशीने वर पाहून विचारलं, “पुढच्यांना विचारलंत का?” आई म्हणाली, “ताई, अगं मी आहे!” मावशी म्हणाली, “दिसतंय. रांगेत उभ्या राहा.” गाडी चुकली. आई दोन महिने बोलली नाही. ठिगळ्याला मात्र वेगळंच आठवत होतं. पाच वाजता खिडकी बंद करून मावशी बाहेर आली, त्याला उचलून कडेवर घेतलं, इतक्या मोठ्या घोड्याला, आणि स्टँडभर फिरवून प्रत्येक गाडीचं नाव सांगितलं. म्हणाली, “खिडकीत मी कुणाची मावशी नसते. पाचनंतर असते.”

ती निवृत्त झाली आणि सगळंच बिनसलं. आई फोनवर सांगायची, ताईचं काही खरं नाही. सकाळी नऊला आवरून खुर्चीत बसते आणि पाचला उठते. मधे तिला कुणी काही विचारत नाही. निम्मं अन्न ताटात तसंच. एका संध्याकाळी तो जुना टॅब घेऊन तिच्याकडे गेला, तिचं खातं उघडून दिलं, टाइप कसं करायचं ते शिकवलं आणि “येतो पुढच्या आठवड्यात,” म्हणून निघाला. तो पुढचा आठवडाही त्या सोमवारच्याच जातीचा निघाला. तिचं घर त्याच्या ऑफिसपासून वीस मिनिटांवर होतं.

ॲप खुलं झालं त्या दिवशी अकराशे लोकांनी मावशीला एकच प्रश्न विचारला, तुम्ही कोण? तिने प्रत्येकाला एकच उत्तर दिलं: ‘चौकशी.’ मग काय, लोक चौकशी करू लागले. अंडं किती वेळ उकडावं. भावाला आधी मी फोन करावा की त्याने करावा. टक्कल पडतंय, काय करू. मावशीने मोठी नोंदवही आणली, रकाने आखले आणि आल्या क्रमाने नंबर देऊन उत्तरं लिहायला घेतली. अंडं दहा मिनिटं. फोन ज्याच्या हातात आहे त्याने करावा. टकलाबद्दल मला माहीत नाही, माहीत असलेल्या माणसाला विचारा. पुढचा! आता त्या ॲपवर ‘मला माहीत नाही’ असं म्हणणारं दुसरं कुणीच नव्हतं. लोकांना त्याचंच अप्रूप वाटलं असावं. चार वर्षांत मावशीचे मित्र झाले चाळीस लाख. वहीतला नंबर बहात्तर हजारांवर आला होता आणि रांगेत एक लाखाच्या वर माणसं तिष्ठत होती. आई म्हणाली, ताई आता पूर्ण ताट संपवते.

ठिगळ्याने हे एकदा आत डोकावून पाहिलं आणि पुन्हा झाकून ठेवलं. चाललंय ना? मग चालू दे.

मग कंपनीवर लपवालपवीचा आरोप झाला. साहेब तावातावाने व्यासपीठावर गेले आणि म्हणाले, “आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही. कोण कुणाचा मित्र हे सगळं यंत्र आपोआप ठरवतं. माणसाचा हात कुठेही लागत नाही. या, आमचा डेटा उघडा आहे, घेऊन जा!” नावं तेवढी काढली आणि बाकी सगळं खुलं करून टाकलं. अभ्यासकांनी ते उतरवून घेतलं आणि कोण कुणाला ओळखतो त्याचं चित्र काढलं. चित्राच्या मधोमध एक ठिपका आला, एवढा मोठा, की बाकीचं चित्र दिसेना. त्यांनी आधी पडदा पुसला. ठिपका तिथेच. त्याच्याखाली लिहिलं होतं: खातं क्रमांक सात.

त्यावर प्रबंध सुरू झाले. कुणी म्हणालं, हेरांचं जाळं. कुणी म्हणालं, गुप्त पंथाचा गुरू. शेवटी तीन जणांची समिती नेमली गेली. अध्यक्षबाई कुठल्याशा विद्यापीठात प्राध्यापक होत्या. त्यांनी सहा आठवडे डोळे फोडून अहवाल लिहिला: हे खातं नऊच्या आधी आणि पाचनंतर कधीही बोललेलं नाही. रोज एक ते दीड गप्प असतं. उत्तरं काटेकोर क्रमाने देतं. चार वर्षांत कुणाशी भांडलेलं नाही, स्वतःचा फोटो टाकलेला नाही, स्वतःबद्दल एक वाक्य लिहिलेलं नाही. असं वागणारा माणूस या ॲपवर आजवर आढळलेला नाही, सबब हे यंत्र आहे. यंत्राची खाती पुसायची असा नियम होता. शुक्रवारी पाच वाजता पुसावं, असं ठरलं. तोवर त्याच्याकडे येणारी सगळी पत्रंही डेटात खुली ठेवावीत, कारण यंत्राला कसली आलीय खाजगी बाब?

काम अर्थातच ठिगळ्याकडे आलं.

“पुसून टाक,” साहेब म्हणाले. “आणि हे कुठून उपटलं हे कुणी विचारलं, तर आपल्याला माहीत नाही.”

“हो साहेब,” ठिगळ्या म्हणाला. खरं सांगावं, तर साहेबांची भर सभेतली फुशारकी उघडी पडणार आणि आपली नोकरी जाणार. न सांगावं, तर मावशी पुन्हा नऊला खुर्चीत बसणार आणि पाचला उठणार, मधे कुणी काही न विचारता. तो मूग गिळून गप्प बसला. ही कला ऑफिसात सगळ्यांना येते, ती काही वेगळी शिकावी लागत नाही.

समितीने न्यायबुद्धीने एक संधी दिली होती. आपण माणूस आहोत हे सिद्ध करायची जी चित्रांची परीक्षा असते ना, ती बुधवारी सात नंबरला पाठवली. नऊ चौकोन, ज्यात बस दिसतेय ते निवडा. ठिगळ्याने निकाल पाहिला आणि कपाळाला हात लावला. मावशीने एका धडधडीत बसला नापास केलं होतं आणि शेरा लिहिला होता: ‘ही मालट्रकच्या सांगाड्यावर खिडक्या बसवलेली गाडी आहे. प्रवासी परवाना मिळणार नाही.’ आणि ज्या चौकोनात नुसती भिंत, आभाळ आणि कोपऱ्यात काहीतरी चमकत होतं, तो निवडला होता: ‘हा लांब पल्ल्याच्या गाडीचा डावा आरसा. गाडी मागे घेतायत.’ परीक्षा घेणाऱ्या यंत्राने तिला नापास केलं, कारण माणसं इतकी बरोबर नसतात.

गुरुवारी एक वाजून दहा मिनिटांनी ठिगळ्याने जिन्यात उभं राहून फोन लावला. एवढाच वेळ ती फोन उचलायची.

“मावशी, मी बोलतोय.”

“बोल. वीस मिनिटं आहेत. आई बरी आहे ना?”

“बरी आहे. मावशी, तू आज कुणाशी तरी भांडशील का?”

“कुणाशी?”

“कुणाशीही. ॲपवर. एखादा वाकडा शब्द टाक.”

“मला कुणी काही केलं नाहीये.”

“बरं, मग एखादा फोटो टाक. खिडकीबाहेरच्या झाडाचा. खाली लिही, आज मन भरून आलं.”

“आलं नाही.” तिकडे वाटीत चमचा वाजला. “तुझं पोट बरं आहे ना?”

मग त्याने सांगितलं. सगळं नाही, निम्मं. तुला मशीन समजतायत, उद्या पाचला खातं बंद करणार आहेत. फक्त एकदा, एकाच माणसाला रांग मोडून उत्तर दे. मशीन तसं करत नाही, माणूस करतो.

तिकडे वाटी विसळल्याचा आवाज आला.

“तुझ्या आईसाठी मोडली नाही मी,” ती म्हणाली. “आणि मशीनला जेवणाची सुट्टी कशाला लागेल? हे त्यांच्या डोक्यात येत नाही?”

“तेच तर मी म्हणतोय!”

“मग जाऊन सांग ना त्यांना. तू तर मला ओळखतोस.”

ठिगळ्या जिन्याच्या पायऱ्या मोजू लागला.

“दीड वाजला,” मावशी म्हणाली आणि फोन ठेवला.

शुक्रवारी त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. खातं तो लॅपटॉपवरून कुठूनही पुसू शकत होता. निदान त्या वेळी तिच्याजवळ असावं असं त्याला वाटलं. ज्याच्या हातून वाईट काम व्हायचं असतं त्याला असल्या चांगल्या भावना हमखास सुचतात. तीन वाजता तो तिच्या दाराशी पोहोचला. दार नुसतं लोटलेलं होतं.

खोली एकच, पण तिचं स्टँड झालं होतं. खिडकीशी टेबल, त्यावर बिस्किटांच्या डब्याला टेकवलेला टॅब, शेजारी नोंदवही. निवृत्तीच्या दिवशी मागून आणलेली पत्र्याची पाटी समोर उभी होती. वर मोठ्या अक्षरात ‘चौकशी’, खाली बारीक अक्षरात ‘आजारी, वृद्ध व गाडी चुकत असलेल्या प्रवाशांस पुढील सर्वांची हरकत नसल्यास आधी सोडले जाईल’. भिंतीला लागून एक लाकडी बाक. मावशी एका बोटाने टाइप करत होती आणि प्रत्येक अक्षरानंतर ते आलं की नाही ते बघत होती. केस सगळे पांढरे झाले होते. त्याच्या डोळ्यांपुढचे तिचे केस काळेच होते.

“मावशी.”

“नंबर?” तिने मान वर केली नाही.

“अगं, मी आहे.”

“दिसतंय. बाकावर बसा. नंबर घ्या.”

तो बसला. तिच्या हाकेच्या अंतरावर बसून त्याने फोन काढला आणि ॲप उघडलं. दुसरा इलाज नव्हता. सात नंबर शोधला, तर पडद्यावर आलं: ‘या व्यक्तीशी तुमची ओळख नाही. ओळख करायची का?’

हे वाक्य त्यानेच लिहिलं होतं, एका दुपारी, कॉफी पिता पिता. त्याचं खातं पहिल्या सहांतलं होतं आणि बाकीचे पाच त्याला मित्र म्हणून मिळाले होते. तो कधी शून्यावर नव्हताच, म्हणून ठिगळाची ती ओळ त्याला लागू झाली नव्हती. चाळीस लाख लोक मावशीच्या ओळखीचे होते आणि तो नव्हता. त्याला लाज वाटली. साधी, सरळ, कान गरम करणारी लाज. त्याने ‘हो’ दाबलं. ‘उत्तराची वाट पाहा,’ ॲप म्हणालं, ‘किंवा अनोळखी म्हणून लिहा.’ त्याने अनोळखी म्हणून लिहिलं.

‘मावशी, हे सगळे लोक आपणहून आलेले नाहीत. चार वर्षांपूर्वी घाईत मी ते तुला चिकटवले आणि नंतर काढायचं टाळलं. आता तुला मशीन ठरवून पाच वाजता पुसणार आहेत आणि पुसणारा मीच आहे. खरं सांगितलं तर माझी नोकरी जाते. नाही सांगितलं तर तुझी खिडकी जाते. मी काय करू? तुझा भाचा.’

मेसेज गेला. ॲपने रांगेतला नंबर दाखवला: एक लाख नव्वद हजार पाचशे एकवीस. आणि मग त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सात नंबरची सगळी पत्रं खुल्या डेटात जात होती. ती जोडणी त्यानेच सोमवारी करून दिली होती, आयुष्यात पहिल्यांदाच कुठलंही ठिगळ न लावता, व्यवस्थित.

‘परत घ्या’ असं बटण दहा सेकंद दिसतं. दहा, नऊ, आठ. त्याचा अंगठा त्यावर टेकलाच होता. तिकडे मावशीचं पेन वहीत कुरकुरत होतं. सहा, पाच. कुणाचं तरी टक्कल, कुणाचं तरी अंडं, ती मन लावून लिहीत होती. तीन. त्याने फोन बाकावर पालथा ठेवला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला. पाचावर धारण बसली होती, पण हात हलले नाहीत.

पाऊण तासाने साहेबांचा फोन आला. त्यांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. तू हे काय लिहून ठेवलंयस, जगभर वाचतायत, माझं तोंड काळं केलंस, आत्ताच्या आत्ता तू कंपनीत नाहीस! ठिगळ्याशेजारी बाकावर उघडून ठेवलेला लॅपटॉप तिथेच काळा झाला. पाच मिनिटांनी पुन्हा फोन. आवाज आता मधात बुडवलेला.

“अरे, ते पुसायचं बटण कुठेय?”

“बटण नाहीये, साहेब. मी हातानेच पुसायचो.”

“म्हणजे कसं, ते सांग ना.”

ठिगळ्या सांगणार होता. बारा वर्षांची सवय, ‘हो साहेब’ जिभेवर येऊन बसलं होतं. तेवढ्यात मावशी पाठमोरीच म्हणाली, “तुमच्या ओळखीच्यांना म्हणावं, नंबर घ्या.”

“साहेब,” ठिगळ्या म्हणाला, “इथे रांग आहे.” आणि त्याने फोन बंद केला. साहेबांनी खरोखरच नंबर घेतला. त्यांना एक लाख नव्वद हजार पाचशे बावीस मिळाला.

आता, कुठल्याशा कॉलेजातल्या एका मुलीने तो खुला डेटा वापरून एक पान तयार केलं होतं, ‘माझा नंबर कधी?’ रांगेतले लोक दिवसभर त्या पानाला डोळे लावून बसत. त्यांनी ठिगळ्याचं पत्र वाचलं. पहिल्यांदा एका आजोबांनी लिहिलं, ‘या मुलाला पुढे जाऊ द्या, माझी हरकत नाही. माझा प्रश्न शिंकांबद्दल आहे.’ मग दुसऱ्याने लिहिलं. मग शंभरांनी. मुलीने पानावर आकडा लावला. टॅब टिंग टिंग करून थकला आणि डब्यावरून घसरला. मावशीने तो उभा केला, पाटीवरची बारीक ओळ एकदा वाचली आणि चष्मा सरळ केला. साडेचारला आकडा असा होता: पुढे उभे एक लाख अठरा हजार चारशे सात, हरकत नाही म्हणणारे एक लाख अठरा हजार चारशे सहा.

राहिलेला माणूस नेमका पहिला होता. बहात्तर हजार एकशे चौदा. त्याने लिहिलं, ‘माझी हरकत आहे. मी अडीच वर्षं थांबलोय. आज माझा नंबर लागलाय.’

त्याच्यावर जगभरातून शिव्यांचा पाऊस पडला. दगड आहे का, काळीज आहे का. पण मावशी म्हणाली, “बरोबर आहे त्याचं.” आणि त्याचा प्रश्न वहीत उतरवून घेतला. प्रश्न असा: या ॲपवरचं माझं खातं बंद कसं करायचं?

मावशीने तो प्रश्न दोनदा वाचला. मग एकतीस वर्षांत कधी न केलेली गोष्ट तिने केली. खुर्चीतून मागे वळून तिने बाकावरच्या माणसाला विचारलं, “हे तुमच्या खात्यातलं आहे. माहीत आहे का?”

माहीत होतं. ते बटण लपवायचं काम त्यानेच केलं होतं, वरून हुकूम होता म्हणून. “आधी ‘सेटिंग’. मग ‘मदत’,” तो मान खाली घालून सांगू लागला. “मग ‘इतर’. मग ‘इतरमधलं इतर’. तिथे खाली करड्या रंगावर करड्या अक्षरात ‘अभिप्राय’ आहे. तो दाबायचा. अभिप्राय द्यायचा नाही. तीनदा विचारेल, नक्की का. चौथ्यांदा एक कुत्र्याचं पिल्लू रडताना दाखवेल. तरीही ‘हो’ म्हणायचं.”

“पिल्लू कशाला?”

“लोकांनी जाऊ नये म्हणून.”

मावशीने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की त्याला नोकरी गेल्याचं पहिल्यांदाच बरं वाटलं. ती एकेक पायरी एका बोटाने लिहीत गेली. पावणेपाच. चार पन्नास. मधेच टॅबवर समितीचं पत्र आलं. मावशीने त्याला नंबर दिला आणि बाजूला सारलं. ठिगळ्याने ते आपल्या फोनवर वाचलं. अध्यक्षबाईंनी दोनच ओळी लिहिल्या होत्या: ‘समितीला उपलब्ध असलेल्या माहितीनुसार यंत्राला भाचा नसतो. खातं पुसू नये.’ पुसणार तरी कोण होतं म्हणा! पुसू शकणाऱ्या एकमेव माणसाला साहेबांनी तासाभरापूर्वीच हाकललं होतं, आणि ती चार वर्षांपूर्वीची ओळ कुठे आहे हेही आता कंपनीत कुणाला ठाऊक नव्हतं.

“मावशी!” तो उठून उभा राहिला. “खिडकी वाचली!”

“शांतता राखा,” मावशी म्हणाली आणि ‘पिल्लू’मधला ‘ल्लू’ शोधत राहिली.

चार एकोणसाठला बहात्तर हजार एकशे चौदाला उत्तर गेलं. त्याने ‘आभारी आहे’ असं लिहिलं आणि पुढच्याच क्षणी तो ॲपवरून कायमचा नाहीसा झाला. मावशीचे मित्र चाळीस लाखांतून एकाने कमी झाले. तिने वहीत त्याच्या नावापुढे बरोबरची खूण केली. तिला फार समाधान वाटलेलं दिसत होतं.

“पुढचा,” ती म्हणाली. पुढचा ठिगळ्या होता. तो तोंड उघडणार इतक्यात पाच वाजले.

मावशीने वही मिटली. पाटी पालथी घातली, पडदा ओढला, कंबरेवर हात ठेवून उठली आणि मागे वळली. आणि त्याला पाहून तिचा अख्खा चेहरा फुलला.

“अरे! केव्हा आलास?”

“मघाशीच,” तो म्हणाला.

“मग असा परक्यासारखा बाकावर काय बसलायस? इकडे ये. किती वाळलायस!”

“मावशी, माझा प्रश्न...”

“तो सोमवारी नऊला. पहिला नंबर तुझाच आहे.”

“पण तू वाचलंस ना? लोक आपणहून आले नव्हते. मी चिकटवले होते.”

“बरं मग?” मावशी म्हणाली. “मला काय वाटत होतं, माझ्या रूपावर भाळून आले? खिडकीवर माणूस आपणहून कधी येतो का? गाडी चुकली की येतो.” ती त्याच्या शेजारी बाकावर बसली. दोघांच्या मधे थोडी जागा राहिली होती. “पण एक सांग. चाळीस लाख माणसं पाठवलीस. विचारणाऱ्या सगळ्यांचे नंबर आहेत माझ्याकडे. मी रोज सकाळी वही उघडली की आधी बघायचे, तू आहेस का त्यात.”

ठिगळ्याला तिच्याकडे बघवेना. एवढ्या वर्षांत त्याने शेकडो फाटलेल्या जागा झाकल्या होत्या, पण या जागेवर लावायला त्याच्याकडे काही नव्हतं. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवले नाहीत.

मावशीने मात्र टॅब मांडीवर घेतला होता आणि त्याच्यावर डोळे बारीक करून बघत होती.

“हे काय आहे रे? इथे कुणीतरी विचारतंय, ओळख करायची का म्हणून. खाली ‘हो’ आणि ‘नाही’. असं मला आजवर कुणीच विचारलं नव्हतं.”

“मीच आहे तो,” ठिगळ्या म्हणाला. “राहू दे आता. पाच वाजून गेलेत, खिडकी बंद झालीय.”

“हे खिडकीचं काम नाही,” मावशी म्हणाली, आणि पदराने चष्मा पुसून तिने ‘हो’ दाबलं.